परदेशात चार महिने झाले, सुरुवातीला आवडलं होतं आणि आता कशाचाही त्रास होतो. मी कमी पडतोय का? परत जावं का?

तुम्ही लिहिलंय की पहिले काही आठवडे मजेत गेले. आता मात्र ऑफिसमधल्या साध्या बोलण्यानेही मनाला लागतं, आणि विशेष काम नसलं तरी संध्याकाळी गळून गेल्यासारखं वाटतं. तुम्ही कमी पडत नाही आहात. मी या काळातून गेले आहे. तेव्हा कोणी हे नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी या थकव्याबद्दल. कालेर्वो ओबर्ग नावाच्या कॅनडाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 मध्ये रिओ दि जानेरोत दिलेल्या एका भाषणामुळे ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ झाला. त्याचं म्हणणं असं की ही अस्वस्थता एखाद्या मोठ्या धक्क्यातून येत नाही, ती ओळखीच्या खुणा हरवल्यामुळे येते. हात कधी मिळवायचा, आमंत्रण कधी मनापासूनचं असतं आणि कधी नुसतं बोलण्यापुरतं, समोरच्याचं कोणतं वाक्य गांभीर्याने घ्यायचं, हे सगळं आपल्या माणसांत आपल्याला विचार न करता कळतं. परक्या ठिकाणी यातल्या प्रत्येक गोष्टीचा विचार करावा लागतो, तोही दिवसभर आणि बहुतेक वेळा दुसऱ्या भाषेत. मग संध्याकाळी गळून जाणारच.

माझ्यापुरतं सांगते. रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका सहकाऱ्याने भर मीटिंगमध्ये सांगितलं, “हा भाग मला पटला नाही, पुन्हा करावा लागेल.” मी रात्रभर झोपले नाही. इथलं आपलं संपलं, असंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस हसत आला आणि कामात काही मदत हवी का म्हणून विचारू लागला. त्याने फक्त कामावर मत दिलं होतं, मी मात्र ते नात्यावर घेतलं होतं. चारचौघांत चूक दाखवणं म्हणजे अपमान, हे मी लहानपणापासून शिकले होते. बाजूला घेऊन आडून सांगणं म्हणजे कामाचा वेळ घालवणं, हे तो शिकला होता. वाईट दोघांपैकी कोणीच नव्हतं.

एडवर्ड हॉल या अमेरिकी अभ्यासकाने हा फरक फार छान मांडला आहे. काही समाजांत अर्थ शब्दांपेक्षा प्रसंगात, नात्यात, गप्प राहण्यात जास्त असतो. काही समाजांत जे म्हणायचं ते शब्दांतच म्हणायचं असतं. पहिल्या प्रकारातून आलेल्या माणसाला दुसरे लोक उद्धट वाटतात, आणि त्या लोकांना आपण काय ते स्पष्ट बोलत नाही असं वाटतं. फक्त हे समाजाचं साधारण वळण असतं, एकेका माणसाचा स्वभाव नव्हे. ‘हे लोक असेच’ म्हणायला लागलो की समोरचा माणूस दिसेनासा होतो.

त्या प्रसंगानंतर मी एक सवय लावून घेतली आणि मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. काही खटकलं की आधी फक्त काय घडलं ते वहीत लिहायचं, विशेषणाशिवाय. ‘त्याने मला टाळलं’ असं नाही, ‘तो न थांबता पुढे गेला’ असं. मग त्याचे निदान दोन तरी वेगळे अर्थ शोधायचे. राग आला असेल तर तो त्यानंतर. आणि तिथलंच एक विश्वासाचं माणूस गाठायचं, ज्याला “यांना नेमकं काय म्हणायचं होतं?” असं न लाजता विचारता येईल. असे प्रश्न विचारले की लोक रागावत नाहीत, उलट बहुतेकांना बरंच वाटतं.

आपल्या भाषेत बोलायला, घरी फोन करायला अजिबात संकोच करू नका. तो पळपुटेपणा नाही. फक्त सगळा मोकळा वेळ त्यातच जायला लागला तर नवी ओळख व्हायला जागा उरत नाही, म्हणून आठवड्यातून एक तरी गोष्ट तिथल्या लोकांसोबत ठरलेल्या वेळी करा: खेळ, गाणं, भाषेचा वर्ग, काहीही. ठरलेली वेळ महत्त्वाची, कारण तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर याला कल्चर शॉक म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.

आता परत जाण्याबद्दल. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिसगार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे 200 नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 6 महिन्यांहून कमी किंवा 18 महिन्यांहून जास्त राहिलेले लोक चांगले रुळलेले दिसले, मधल्या काळातले कमी. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नंतरच्या अभ्यासांत सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. म्हणजे याला ठरलेलं वेळापत्रक नाही. पण दोन-तीन महिन्यांत जमलं नाही म्हणून जमणारच नाही, असं यातल्या कशावरूनच निघत नाही. परत जाणं हाही चांगला निर्णय असू शकतो. तो फक्त अशा थकलेल्या संध्याकाळी घेऊ नका. निर्णयासाठी पुढची तारीख आजच ठरवा, निदान सहा महिन्यांनंतरची, आणि तोवर हा प्रश्न रोज स्वतःला विचारू नका.