आल्फ्रेडो गार्सियाचं मुंडकं

प्रेम, मृत्यू आणि हिंसा तिन्ही आहे, पण फारसा कुणी पाहिलेला नाही असा चित्रपट तुम्ही विचारलाय. माझं उत्तर ठरलेलं आहे: अमेरिकी दिग्दर्शक सॅम पेकिनपाचा 'ब्रिंग मी द हेड ऑफ आल्फ्रेडो गार्सिया' (1974).

मेक्सिकोतल्या एका बड्या असामीची मुलगी लग्नाआधी गरोदर राहते. त्याला जबाबदार माणसाचं मुंडकं आणणाऱ्याला बाप दहा लाख डॉलर जाहीर करतो. बारमध्ये पियानो वाजवणाऱ्या बेनीला (वॉरन ओट्स) प्रेयसी एलिटाकडून कळतं, की आल्फ्रेडो अपघातात आधीच मेलाय. म्हणजे थडगं तेवढं उकरायचं. दोघं गाडीने निघतात.

वाटेत झाडाखाली बसलेले असताना ती विचारते, तू मला लग्नाचं कधी का नाही विचारलंस? तो अडखळतो. मग आता विचार ना, असं ती म्हणते. पेकिनपाला इथे अजिबात घाई नाही. एलिटा साकारणाऱ्या इसेला वेगा या अभिनेत्रीचा चेहरा बघा, एवढं सांगतो. पुढे थडग्यापाशी एलिटा मारली जाते आणि बेनीच्या शेजारच्या सीटवर उरतं पोत्यातलं मुंडकं. त्यावर माश्या घोंगावतात, तो बर्फ विकत घेतो, 'अल' म्हणून त्याच्याशी बोलत राहतो. एलिटावरून ज्याचा मत्सर होता, त्याच्यासोबतच दुःख वाटून घेतो.

एफटीआयआयमध्ये शिकलेला माझा एक मित्र पेकिनपाच्या 'द वाइल्ड बंच'लाच (1969) श्रेष्ठ मानतो. कर्वे रोडच्या टपरीवर आमचा यावर कडाक्याचा वाद झालाय. 'वाइल्ड बंच'मधली शेवटची चकमक थक्क करते, कबूल. पण आल्फ्रेडोमधली प्रत्येक गोळी मला लागते, कारण एलिटा गेलेली असते आणि पैशाला काही अर्थ उरलेला नसतो.

त्या वेळी बहुतेक समीक्षकांनी चित्रपट झोडपला आणि तो पडला. अमेरिकी समीक्षक रॉजर इबर्टने मात्र तेव्हाच चार तारे दिले होते. स्टुडिओंनी पेकिनपाचे बरेच चित्रपट कापले. हा मात्र त्याच्या मनासारखा पडद्यावर आला.

एक आधीच सांगतो. दोन बाइकवाल्यांच्या प्रसंगात लैंगिक हिंसा आहे, आणि एलिटाचं तिथलं वागणं मला आजही पटत नाही. तो भाग जड जाणार असेल, तर तो सरळ वगळून पुढे जा.