एफ१० दाबलं की ते जातं कुठे? मिडनाइट कमांडरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, ऑफिसच्या सर्व्हरवर फाइली इकडच्या तिकडे करायला मी मिडनाइट कमांडर (थोडक्यात एमसी, टर्मिनलमध्ये म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालणारा फाइल मॅनेजर) वापरतो, आता घरच्या लॅपटॉपवरही टाकलाय पण एफ१० दाबलं की बाहेर पडायच्या ऐवजी टर्मिनलचाच मेनू उघडतो, एस्केप दोनदा दाबावं लागतं, आणि एमसीची सेटिंग्ज साठवणाऱ्या आयनी फाइलमध्ये हाताने बदल केले तर दुसऱ्या दिवशी सगळं जैसे थे. कोणाची तरी तयार कॉन्फिग उचलून टाकू का? — सांगलीचे वाचक

उत्तर: तयार कॉन्फिग अजिबात नको. तुमचे तीन त्रास आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत, दुसऱ्याची फाइल टाकली की त्यात चौथं काहीतरी मिसळेल आणि मग कशामुळे काय झालं हे शोधत बसाल.

आधी एफ१०. तुम्ही बटण दाबता तेव्हा ते पहिलं टर्मिनलच्या खिडकीकडे जातं, तिने सोडलं तरच आत चालणाऱ्या प्रोग्रामला मिळतं. ग्नोम टर्मिनल, म्हणजे बऱ्याच लिनक्सवर असणारं टर्मिनल, एफ१० स्वतःच्या मेनूसाठी ठेवून घेतं, त्यामुळे एमसीच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी उपाय सापडणार नाही. टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये, जनरलखाली, मेनू ॲक्सेलरेटर कीचा टिकमार्क आहे तो काढा, झालं. एक गोष्ट नक्की करून बघा: एमसीत एफ९ दाबून ऑप्शन्समध्ये ‘लर्न कीज’ उघडा. तिथे सगळ्या बटणांची यादी येते, एकेक बटण दाबत जायचं, जे पोचलं त्याच्यापुढे ओके उमटतं. ज्याच्यापुढे उमटत नाही त्याच्यावर जाऊन स्पेस दाबायचं आणि मग ते बटण दाबून त्याला शिकवायचं. तरीही काहीच झालं नाही तर समजा की बटण वाटेतच कोणीतरी घेतंय, टर्मिनल नाहीतर लॅपटॉपच. एफ-ओळीवर आवाज-ब्राइटनेस असेल तर आधी एफएन लॉक बघा. आणि कुठल्या परक्या मशीनवर अडकलात तर एस्केप दाबून मग आकडा, म्हणजे एस्केप आणि ५ म्हणजे एफ५, एस्केप आणि शून्य म्हणजे एफ१०. हे सगळीकडे चालतं म्हणून पाठच असू द्या.

आता एस्केप दोनदा का, तर बाणाची बटणं आणि एफ-की सुद्धा टर्मिनलमधून येताना सुरुवातीला एस्केपचाच कोड घेऊन येतात, मग नुसतं एस्केप आलंय की बाणाचा पहिला तुकडा आलाय हे प्रोग्रामला लगेच कळत नाही. ऑप्शन्स, कॉन्फिगरेशन, तिथे ‘सिंगल प्रेस’ला टिक करा, शेजारी टाइमआउट आहे तो मायक्रोसेकंदात असतो, मुळात १०,००,००० म्हणजे एक सेकंद. कमी करा, जरूर करा, पण सर्व्हरवर संथ नेटवरून जात असाल तर फार खाली आणू नका, नाहीतर बाणाचे तुकडे पडतात आणि भलतंच काहीतरी होतं.

आयनी फाइलचं कारण साधं आहे. ‘ऑटो सेव्ह सेटअप’ चालू असलं की एमसी बंद होताना ती फाइल स्वतः परत लिहितो, म्हणजे एमसी उघडा ठेवून तुम्ही केलेले बदल जाताना पुसले जातात. एमसी पूर्ण बंद करून मगच एडिट करा, आणि आधी कॉपी काढून ठेवा. बटणं बदलायची असतील तर त्याची की-मॅप फाइल वेगळी असते, तिला एमसी हात लावत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, कॉपीच्या ओळीत नवं बटण द्यायचं असेल तर आधीचं एफ५ पण लिहा, मध्ये अर्धविराम देऊन, कारण तुम्ही लिहिलेली ओळ जुनीच्या जागी बसते, तिच्यात भर घालत नाही. आणि ऑल्ट-सी घेऊ नका, ते फोल्डर बदलायच्या छोट्या खिडकीसाठी आहे आणि ती फार उपयोगाची आहे.

प्रश्न: निळा रंग डोळ्यांना खुपतो. एमसीत २५६ रंगांचा स्किन (म्हणजे रंगसंगती) लावला तर टर्मिनल चालत नाही म्हणून मेसेज येतो आणि परत निळंच! — पुण्याच्या वाचक

उत्तर: हे निळं १९८६च्या नॉर्टन कमांडरकडून आलंय, मिगेल दे इकासा यांनी १९९४ला एमसी सुरू केला तो त्याच धर्तीवर. स्किन बदलायची जागा ऑप्शन्समध्ये ॲपिअरन्स. मेसेज येतो कारण एमसी टर्म नावाचा व्हेरिएबल (टर्मिनल कुठल्या प्रकारचं आहे ते सांगणारा) वाचतो आणि त्यात नुसतं ‘एक्सटर्म’ किंवा टीमक्सच्या (एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत ‘स्क्रीन’ असं लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे डॅश देऊन २५६कलर असायला हवं. हे टर्मिनलच्या किंवा टीमक्सच्या सेटिंगमध्ये बदला, शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत ठोकून देऊ नका, तिथे ते चुकीच्या ठिकाणीही लागू होतं.

आणि माझा आग्रह आहे म्हणून सांगते, रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी, वेगळा स्किन ठेवाच. एमसीसोबत जुलिया२५६ आणि जुलिया२५६रूट अशा जोड्या येतात त्या ह्याच कामासाठी. दोन खिडक्या सारख्या दिसत असताना एफ८, म्हणजे डिलीट, दाबणं म्हणजे संकटाला आमंत्रण आहे, रंग वेगळा असेल तर हात आपोआप थांबतो.

प्रश्न: मराठी नावांच्या फाइली असल्या की उभ्या रेघा वाकड्या होतात, कुठलं सेटिंग? — नाशिकचे वाचक

उत्तर: सेटिंग नाही हो. टर्मिनल म्हणजे सारख्या रुंदीच्या चौकोनांची जाळी, आणि काना-वेलांटीला एक चौकोन धरायचा की शून्य यावर एमसी आणि टर्मिनलचं एकमत नसतं, म्हणून रेघ सरकते. लोकेल (भाषा आणि अक्षरांचं सिस्टीमचं सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना ते बघा, कंट्रोल-एल दाबलं की स्क्रीन परत आखला जातो, आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये तोच फोल्डर उघडून बघा, फरक बऱ्याचदा तिथेच दिसतो. फाइलींची नावं मात्र त्यासाठी इंग्रजीत करू नका, कॉपी-मूव्हला काही होत नाही, बिघडतं ते फक्त दिसणं.