जुनी एलपी पहिल्या प्रेसिंगची, म्हणजे पहिल्यांदा काढलेल्या प्रतींपैकी, आहे हे कसं ओळखायचं?

कव्हरवरच्या सालावर जाऊ नका, रेकॉर्डवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे प्रत ज्या साच्यावरून निघाली त्याचा क्रमांक, वाचा. पुन्हा काढलेल्या प्रतींवरही बऱ्याचदा मूळ सालच छापलेलं असतं. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, ती दिव्याखाली तिरकी धरा. तिथे नंबर आणि कधीकधी कटिंग करणाऱ्या, म्हणजे मूळ तबकडीवर आवाजाच्या खाचा कोरणाऱ्या, इंजिनिअरची आद्याक्षरं दिसतात. उदाहरणार्थ, ब्लू नोट या अमेरिकी कंपनीच्या जुन्या जाझ रेकॉर्ड: त्यांवर बऱ्याचदा इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर यांचं ‘आरव्हीजी’ असतं, आणि १९६६ पर्यंत प्लास्टिलाइट कारखान्यात निघालेल्या प्रतींवर कानासारखी बारीक खूण. पण कान दिसला म्हणून लगेच पैसे मोजू नका. नंतरच्या प्रतीही त्याच कारखान्यात निघाल्या, तेव्हा लेबलवरचा कंपनीचा पत्ता त्या सालातलाच आहे का, तेही जुळवून बघा.