चार्ल्स कार्लटन कॉफिनची पुनर्मुद्रित पुस्तकं मुलांना द्यावीत का? सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही अमेरिकेत राहता, अकरा वर्षांच्या मुलीला घरीच शिकवता. तुमच्या गटातल्या पालकांनी कॉफिनची 'द स्टोरी ऑफ लिबर्टी' आणि 'स्वीट लँड ऑफ लिबर्टी' ही पुस्तकं सुचवली आहेत. हा लेखक कोण, कितपत भरवशाचा, आणि पुस्तकं घ्यावीत की नाही, हे तुम्हाला हवं आहे.

घ्या. पण या दोन पुस्तकांपासून सुरुवात करू नका. कॉफिन आधी बातमीदार होता, इतिहासकार नंतर झाला. जिथे तो स्वतः उभा होता तिथलं त्याचं लिखाण आजही अंगावर येतं. जिथे तो दुसऱ्यांची पुस्तकं वाचून चारशे वर्षांपूर्वीचं सांगतो, तिथे त्याचा हात धरून चालताना आपले डोळे उघडे ठेवावे लागतात. गंमत अशी की मुलांच्या हातात आज सगळ्यात जास्त पडतात ती दुसऱ्या प्रकारची पुस्तकं.

मी नागपूरचा. तीस वर्षं एका मराठी दैनिकात बातमीदारी केली. निवृत्तीनंतर मुलीकडे बॉस्टनजवळ सहा महिने होतो, तेव्हा नातवाला शेजाऱ्यांनी 'द स्टोरी ऑफ लिबर्टी' भेट दिली. मी सहज चाळलं. आतल्या पानावर साल होतं १९८७, म्हणून मला वाटलं हल्लीच्या कुणी लिहिलेलं असेल. पण वाचू लागलो आणि खटकायला लागलं. पोपबद्दलचा राग, वाक्यांचा सूर, "मुलांनो, आता बघा" असं थांबून सांगण्याची लकब, यातलं काहीच १९८७चं वाटेना. शोधलं तेव्हा कळलं की मूळ पुस्तक न्यू यॉर्कच्या हार्पर कंपनीनं १८७९ साली काढलेलं आहे. म्हणजे माझ्या हातात शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाचा आवाज होता आणि मुखपृष्ठ मात्र नवं कोरं. नातवाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलीला हे पहिल्या दिवशी सांगा.

आता माणूस. जन्म २६ जुलै १८२३, न्यू हॅम्पशरमधल्या बॉस्कावेन गावी, शेतकरी कुटुंबात. शाळा फारशी नाही. भूमापन शिकला, रेल्वेच्या कामांवर गेला, मग तारायंत्राच्या नादी लागला. त्याचा मेहुणा मोझेस फार्मर हा विजेच्या प्रयोगांत बुडालेला माणूस. बॉस्टन शहरात आगीची वर्दी तारेनं देण्याची यंत्रणा १८५२ साली उभी राहिली, त्या कामात कॉफिन त्याच्याबरोबर होता. बातमी किती वेगानं पोचू शकते हे त्यानं तारा ओढतानाच पाहिलं होतं, असं मला नेहमी वाटतं.

१८६१ साली अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध सुरू झालं. पायाच्या जुन्या दुखापतीमुळे सैन्यात घेतलं नाही, म्हणून 'बॉस्टन जर्नल'साठी वार्तापत्रं लिहायला निघाला. सही करायची 'कार्लटन' एवढीच. बुल रनच्या पहिल्या लढाईतली पळापळ त्यानं पाहिली, आणि १८६५मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली तेव्हाही तो तिथे होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रणांगणावर टिकलेला एकमेव वार्ताहर अशी त्याची ख्याती आहे. अँटिएटम त्यानं पाहिलं, गेटिसबर्ग पाहिलं. गेटिसबर्गची लढाई संपल्यावर पावसात घोडा दामटत वेस्टमिन्स्टरचं रेल्वे स्टेशन गाठलं आणि तिथून बाल्टिमोरला जाऊन बातमी लावली. ज्यांनी कधी तालुक्याच्या गावाहून शेवटच्या गाडीच्या गार्डच्या हाती मजकूर दिलाय, त्यांना या एका वाक्यातली धडधड कळेल. मी हे काम केलंय, त्यामुळे मला या माणसाबद्दल जिव्हाळा आहे, तो लपवत नाही.

फेब्रुवारी १८६५मध्ये दक्षिणेतलं चार्ल्सटन शहर पडलं. तिथे शिरलेल्या पहिल्या काही वार्ताहरांत कॉफिन होता. तो शहरातल्या गुलामांच्या बाजारात गेला. दारावर सोनेरी अक्षरांत 'मार्ट' असं लिहिलेलं. ज्या पायऱ्या चढून माणसं लिलावाला उभी केली जात, त्या पायऱ्या आणि ती अक्षरं त्यानं काढून घेतली आणि बॉस्टनला पाठवली. तिथल्या सभेत विल्यम लॉइड गॅरिसन, ज्यानं उभं आयुष्य गुलामगिरीविरुद्ध घालवलं, तो त्याच पायऱ्यांवर उभा राहून बोलला. बातमीदारानं एखादी वस्तू उचलून आणावी का, यावर आमच्या धंद्यात तासभर वाद होऊ शकतो. मी कॉफिनच्या बाजूनं आहे. हजार शब्द लिहूनही जे सांगता आलं नसतं ते त्या लाकडानं सांगितलं.

मराठी वाचकाला इथे जोतीराव आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि त्यागाबद्दल. ज्या लोकांना पुण्यात बसून फुल्यांनी ते पुस्तक अर्पण केलं, ते लोक रोज सकाळी कॉफिनसारख्यांची वार्तापत्रं वाचत होते. तुमच्या मुलीला दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. अमेरिकेतल्या मराठी मुलीला हा इतिहास परका नाही, हे तिला त्यातून आपोआप कळेल.

आणि मग रिचमंड. शहर ३ एप्रिल १८६५ला पडलं. दुसऱ्या दिवशी लिंकन होडीनं नदीकाठी उतरला, बरोबर धाकटा मुलगा टॅड आणि मोजके खलाशी. कॉफिन योगायोगानं काठावरच होता. कालपर्यंत गुलाम असलेली माणसं भोवती गोळा झाली. एका म्हाताऱ्या काळ्या माणसानं टोपी काढून आशीर्वाद दिला, तेव्हा लिंकननं स्वतःची टोपी काढली आणि न बोलता मान लवून त्याला नमस्कार केला. कॉफिन लिहितो की त्या एका नमस्कारानं शतकांचे कायदे आणि रीतिरिवाज उलटेपालटे झाले. दहाच दिवसांनी लिंकनला गोळी लागली. पुढे थॉमस नास्ट या चित्रकारानं हा प्रसंग रंगवला तो कॉफिननं दिलेल्या वर्णनावरूनच.

हे सगळं १८६६च्या 'फोर इयर्स ऑफ फायटिंग'मध्ये आहे. सुरुवात इथून करा. मुलीला सगळं पुस्तक झेपणार नाही, लढायांच्या हालचाली कंटाळवाण्या होतात. पण चार्ल्सटन आणि रिचमंडची प्रकरणं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा.

आता तुम्ही विचारलेली पुस्तकं. 'द स्टोरी ऑफ लिबर्टी' १२१५ सालच्या मॅग्ना कार्टापासून, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेपासून, निघतं आणि १६२०मध्ये मेफ्लॉवर जहाज अमेरिकेला लागतं तिथे थांबतं. कॉफिनला गोष्ट सांगता येते, हे मान्य करायलाच हवं. ल्यूथरची गोष्ट तो 'नाश्त्यासाठी गाणारा मुलगा' अशा मथळ्याखाली सुरू करतो. दारोदार गाऊन पोट भरणारा शाळकरी पोरगा आधी दिसतो, धर्मसुधारक मागाहून. राजे एकीकडे डावपेच रचत असतात आणि दुसरीकडे कुणीतरी छपाईचे खिळे जुळवत बसलेला असतो, अशी त्याची मांडणी. माझा नातू, जो इतिहासाचं नाव काढलं की उठून जायचा, तो पुढचं प्रकरण मागू लागला.

पण कॉफिनला जगाचा सगळा इतिहास एका सरळ रस्त्यासारखा दिसतो: गुलामीतून स्वातंत्र्याकडे, आणि मागून वाट दाखवणारा ईश्वराचा हात. त्या रस्त्यावर प्रोटेस्टंट म्हणजे प्रकाश आणि कॅथलिक चर्च म्हणजे अंधार. कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाचे, म्हणजे इन्क्विझिशनचे, छळ खरे आहेत, पण प्रोटेस्टंट राजवटींनी केलेले छळ त्याच्या मापात हलके भरतात. वसई किंवा गोव्याकडच्या आपल्या ख्रिस्ती मित्रांच्या घरी हे पुस्तक वाचलं गेलं तर काय वाटेल, हा विचार माझ्या मनात आला. गोव्यातलं इन्क्विझिशन आपल्याला ठाऊक आहे, ते झाकायचं नाही. पण त्यावरून आजच्या शेजाऱ्याला मोजायचंही नाही. त्या प्रकरणांशी नातवाबरोबर मी मुद्दाम बसलो.

माहितीच्याही चुका आहेत. छपाईच्या शोधाचं श्रेय तो गुटेनबर्गच्या जोडीनं हार्लेमच्या लॉरेन्स कॉस्टरलाही देतो. त्या काळी ही कथा खूप चाले, आज अभ्यासक ती दंतकथा मानतात. असली जागा आली की थांबा आणि मुलीला दुसरीकडे शोधायला लावा. हे मूळ पुस्तकापेक्षाही जास्त उपयोगी पडेल.

'स्वीट लँड ऑफ लिबर्टी' हे नाव कॉफिननं दिलेलंच नाही. ते १८८०चं 'ओल्ड टाइम्स इन द कॉलनीज', नव्या नावानं पुन्हा छापलेलं. वसाहतींचा काळ, फ्रेंच आणि इंग्रजांची झुंज. यात मूळ रहिवाशांबद्दल 'रानटी' अशा अर्थाचे शब्द वारंवार येतात, त्यांची जमीन कशी गेली हे त्यांच्या बाजूनं कळत नाही. हे पुस्तक मी एकट्या मुलाच्या हातात देणार नाही. त्यापेक्षा 'द बॉइज ऑफ ७६' बरं. १८७६मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली तेव्हा निघालेलं, साध्या शिपायांच्या नजरेतून सांगितलेलं. इथे त्याचा युद्धाचा अनुभव कामी आलाय. उपाशी पलटण कशी चालते, रात्रीच्या पहाऱ्यावर थंडी कशी चावते, हे त्यानं शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल लिहिलं असलं तरी स्वतः जवळून पाहिलेलं होतं.

विकत घेताना काय पाहायचं तेही सांगतो, कारण इथे मी फसलोय. या पुस्तकांचे हक्क केव्हाच संपलेत (कॉफिन १८९६मध्ये वारला), त्यामुळे कुणीही छापू शकतं. काही पुनर्मुद्रणं जुन्या पानांची हुबेहूब छायाप्रत असतात, ती उत्तम. काही नव्यानं जुळवलेली, नवी प्रस्तावना लावलेली असतात. ती वाचनाला सोपी, पण प्रस्तावना वाचून बघा. छापणाऱ्याला हे पुस्तक आज का हवंय ते तिथे कळतं, आणि त्याचं मत लेखकाचं म्हणून डोक्यात बसू देऊ नका. तिसरा प्रकार म्हणजे यंत्रानं वाचलेला मजकूर जसाच्या तसा छापून मागणीनुसार पाठवतात तो. मी असं एक मागवलं. पानांचे मथळे परिच्छेदाच्या मधोमध घुसलेले, चित्रांखालच्या ओळी होत्या आणि चित्रंच नव्हती. हार्परच्या मूळ आवृत्त्यांचा अर्धा जीव त्यांतल्या लाकडी ठशांच्या चित्रांत आहे. चित्रांशिवायचं घेऊ नका. इंटरनेट आर्काइव्हवर मूळ छापील पानं फुकट बघता येतात. आधी तिथे दोन प्रकरणं वाचा आणि मगच पैसे घाला.

शेवटी एक, खास तुमच्या मुलीसाठी. युद्धानंतर १८६६च्या उन्हाळ्यात कॉफिन बायकोला, सॅलीला, घेऊन जगाच्या फेरीवर निघाला. युरोप, इजिप्त, आणि मग मुंबई. सुएझचा कालवा अजून खोदायचं काम चाललं होतं, मुंबई ते कोलकाता लोहमार्गही सलग नव्हता. आमच्या नागपूरपर्यंत गाडी १८६७मध्ये आली आणि जबलपूरचा सांधा जुळायला १८७० उजाडलं. त्याच अर्धवट रस्त्यांच्या काळात त्यानं हा देश ओलांडला, पुढे चीन, जपान करून घरी गेला आणि १८६९मध्ये 'अवर न्यू वे राउंड द वर्ल्ड' लिहिलं. त्यातही परदेशी माणसाचे पूर्वग्रह आहेतच. पण इथे ते ओळखायला तुम्हाला कुणाची मदत लागणार नाही. ज्या गावांबद्दल तो लिहितो ती तुमची आहेत. मुंबईची पानं मुलीबरोबर वाचा, कुठे त्याचं बरोबर आहे आणि कुठे तो घसरलाय ते तिलाच दाखवू द्या, आणि त्यानंतर 'द स्टोरी ऑफ लिबर्टी' उघडा.