फ्रेल्टी स्कोअरवरून वृद्ध रुग्ण वाचेल की नाही, हे खरोखर कळते का?

रुग्णालयात दाखल केलेल्या आपल्या ८२ वर्षांच्या वडिलांच्या कागदावर ‘सीएफएस ६’ लिहिलेले पाहून आपण हा प्रश्न विचारला आहे. सीएफएस म्हणजे क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, म्हातारपणी शरीर किती दुर्बल झाले आहे हे आकड्यात सांगणारी मोजपट्टी. माझ्या वडिलांच्या कागदावर ३ लिहिले होते आणि तो आकडा चुकीचा होता, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

ही मोजपट्टी कॅनडातील केनेथ रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडली. तेव्हा तिला ७ पायऱ्या होत्या, आता ९ आहेत. आकडा जितका वरचा तितका धोका अधिक, हे अनेक रुग्णालयांत दिसून आलेले आहे. तरीही तिची सारी भिस्त एकाच प्रश्नावर आहे, तो म्हणजे या आजारपणाच्या साधारण दोन आठवडे आधी हा माणूस कसा होता. खाटेवर ग्लानीत पडलेल्या रुग्णाकडे पाहून आकडा द्यायचाच नसतो. म्हणजे उत्तर घरच्यांनी द्यायचे, आणि आमचे बिनसले ते तिथेच.

बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला. दादा मुंबईहून सकाळीच पोहोचला होता. तो म्हणाला, “बाबा अगदी ठणठणीत आहेत, रोज तळजाईला फिरायला जातात.” तळजाईच्या टेकडीवर जाणे बंद होऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. बाबांच्या पट्ट्याला मी स्वतः दाभणाने दोन नवी भोके पाडून दिली होती. सहकारनगरातल्या आमच्या घराचा जिना ते दोन्ही हातांनी कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत. आंघोळीला मी त्यांना स्टुलावर बसवून पाणी घालत असे आणि उठवताना दंडाला धरले की माझा अंगठा बोटांना सहज जुळत असे. जिना जड जाणे आणि आंघोळीला मदत लागणे, हे सरळसरळ ६ चे वर्णन आहे. पण दादा बोलत असताना मध्ये तोंड घालायचे नाही, ही आमच्या घरची शिस्त मी ५२ व्या वर्षीही पाळली.

पुढचे सगळे त्या ३ च्या हिशेबाने ठरत गेले. व्हेंटिलेटर, मग गळ्याला छिद्र, असे १९ दिवस अतिदक्षता विभागात काढून बाबा तिथेच गेले. कागदावर ६ असता तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. मात्र कुठवर जायचे, हे डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून विचारले असते आणि आई त्या दिवसांत दाराबाहेरच्या बाकड्याऐवजी त्यांच्या उशाशी बसली असती. आपण उपचारांत काही कमी केले नाही, असे दादा आजही म्हणतो. मला ते मान्य नाही. आपण खरे सांगण्यात कमी पडलो.

जो गणपती-दिवाळीला घरी येतो, त्याने या प्रश्नाचे उत्तर देऊ नये. वडील गोळ्या स्वतःच्या स्वतः घेत होते का, खुर्चीतून हात न टेकवता उठत होते का, वर्षभरात किती वेळा पडले, हे आंघोळ घालणाऱ्यालाच ठाऊक असते.

आता आपल्या ६ विषयी. हा अंदाज पुष्कळ रुग्णांचा मिळून खरा ठरतो, एकट्या माणसाचे भविष्य त्यातून निघत नाही. ६ असलेलेही बरे होऊन घरी येतात. निव्वळ या आकड्यावर कुणी उपचार नाकारत असेल, तर ते चूक आहे. शिवाय ६५ पेक्षा कमी वयाच्या किंवा जन्मापासून अपंगत्व असलेल्या माणसाला ही पट्टी लावू नये. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झडतात, तेव्हा डॉक्टरांची परवानगी असेल तर वडिलांना दिवसातून काही वेळा खुर्चीत बसवा. चष्मा आणि कानाचे यंत्र घरी ठेवू नका, त्यांच्यावाचून वृद्ध माणसे रुग्णालयात लवकर भ्रमिष्टासारखी होतात.

आणि उद्या राउंडच्या वेळी, तो ६ कुणाला विचारून लिहिला, हे डॉक्टरांना विचारा. माहिती चुकीच्या माणसाने दिली असेल, तर तो आपला मोठा भाऊ असला तरी त्याच्यासमोरच ती दुरुस्त करा.