सॉफ्टनरचं पाणी कुंड्यांना आणि माशांना चालेल का?

प्रश्न: साहेब, आम्ही वैजापूर तालुक्यातले. विहिरीचं पाणी फार जड म्हणून घराला सॉफ्टनर बसवला. तेव्हापासून तुळस आणि कढीपत्त्याची पानं कडेनं करपतात, कुंडीत पाणी जिरत नाही. मुलांच्या टाकीतले मॉली मासे मलूल झालेत. पाणी तर आता मऊ झालंय, मग असं का?

उत्तर: ताई, मऊ पाणी म्हणजे गोडं पाणी नव्हे. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, त्यांची अदलाबदल करतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्याबदल्यात सोडियम सोडतो. मशीनला मीठ लागतं ते त्यासाठीच. कठीणपणा लिटरला 500 मिलिग्रॅम असेल, तर मऊ झालेल्या पाण्यात सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा फारसा हलत नाही, तो यामुळेच.

काळ्या मातीचं सोडियमशी अजिबात जमत नाही. मातीचे कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात, वर पापडी धरते. तुमच्या कुंडीत पाणी तळ्यासारखं उभं राहतं ते म्हणूनच. शेतात आपण चोपण जमीन म्हणतो, तीच गत. शिवाय बायकार्बोनेट पाण्यात तसंच राहतं, म्हणून पाणी तपासणीच्या अहवालात आरएससी चढतो. आरएससी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा कार्बोनेट-बायकार्बोनेट किती जास्त आहे, त्याचं माप. तो 2.5 च्या वर गेला की ते पाणी सिंचनाला अयोग्य.

तेव्हा प्लंबरकडून सॉफ्टनरच्या अलीकडे एक नळ काढून घ्या आणि झाडांना तिथलं मूळ विहिरीचं पाणी द्या. बिघडलेल्या मोठ्या कुंडीत दोन चमचे जिप्सम वरच्या मातीत मिसळा आणि पावसाचं पाणी भरपूर देऊन तळाच्या भोकातून निचरू द्या. माती अगदीच दगड झाली असेल तर सरळ बदला. मशीन धुतल्यावर निघणारं मिठाचं पाणी मात्र परसातल्या केळी-पपईला कधीही सोडू नका. एका घरी मी अशी केळीची बाग बघितली आहे, मोरीच्या पाइपजवळची पाच खुंटं पार वाळली होती.

आता मासे. मॉली, गप्पी, गोल्डफिश यांना जड पाणीच मानवतं. तुमच्या भांड्यांवर जो पांढरा थर बसतो, तेच कॅल्शियम त्यांना हवं असतं. पण एकदम सगळं पाणी बदलू नका, धक्का बसतो. दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं बदलत पंधरवड्यात मूळ पाण्यावर आणा. विहिरीचं पाणी आधी दिवसभर उघड्या बादलीत ठेवा, एअर पंप असेल तर लावा. टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांनाही सॉफ्टनरचं पाणी नको. त्यांच्यासाठी पावसाचं किंवा आरओचं पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळा.

आणि पाणी तपासून घ्या. दोन स्वच्छ बाटल्या भरा, एक सॉफ्टनरच्या आधीची, एक नंतरची. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर नमुना घ्या, बाटलीवर चिठ्ठी लावा, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.