होम थिएटरच्या स्पीकरसाठी केबल कोणती घ्यावी? दुकानदार एक सांगतो, इलेक्ट्रिशियन दुसरंच!

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाकडला नवा फ्लॅट, अकरा बाय सतरा फुटांचा हॉल. ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) संच घेऊन झालाय, स्पीकर सहा ओहमचे, सगळं मिळून साठ हजार. दुकानदार म्हणतो, साडेसहाशे रुपये मीटरवाली ‘ऑक्सिजन-फ्री’ केबल घ्या, नाहीतर साठ हजार पाण्यात गेले समजा. इलेक्ट्रिशियन म्हणतो, घराच्या वायरिंगमधली उरलेली वायर ओढून देतो, काही फरक पडत नाही. पुढच्या आठवड्यात फॉल्स सीलिंग सुरू होतंय, म्हणून घाई.

दोघांतला एकच निवडायचा तर इलेक्ट्रिशियन निवडा. पण त्याच्याही बोलण्यात एक खोट आहे, आणि ती आवाजाची नाही, जिवाची आहे. तिच्याकडे येतोच. मी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे उघडलेले स्पीकर रोज टेबलावर असतात. केबल विकण्यात माझा काही फायदा नाही.

स्पीकर केबलच्या बाबतीत बघण्यासारखी गोष्ट मुळात एकच, तिचा रोध. तो ठरतो तीन गोष्टींवर: लांबी किती, जाडी किती आणि आत धातू कुठला. बाकी जे काही पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेलं असतं ते घरगुती लांबीला नगण्य ठरतं. ढोबळ नियम असा की केबलचा जाऊन-येऊन (म्हणजे दोन्ही तारांचा मिळून) रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत असावा. तुमच्या सहा ओहमला पाच टक्के म्हणजे ०.३ ओहम. आता बाजारात मिळणाऱ्या खऱ्या तांब्याच्या वायरचा हिशोब बघा. एकच्या वायरचा जाऊन-येऊन रोध मीटरला साधारण ३७ मिलिओहम (ओहमचा हजारावा भाग), दीडच्या वायरचा २५, अडीचच्या वायरचा १५. (एक, दीड, अडीच हे स्क्वेअर एमएम, काउंटरवर नुसतं ‘अडीचची द्या’ म्हटलं तरी कळतं. परदेशी केबलवर १६ किंवा १४ गेज लिहिलेलं असतं. १६ गेज म्हणजे सुमारे १.३ स्क्वेअर एमएम, १४ गेज म्हणजे सुमारे २.१. इथे आकडा लहान म्हणजे वायर जाड.)

लांबी मोजताना मात्र बहुतेक जण फसतात, कारण ते हॉलची लांबी धरतात. वायर हवेतून जात नाही. टीव्हीखालच्या रिसीव्हरपासून (संचातला ॲम्प्लिफायरचा डबा) सीलिंगपर्यंत अडीच मीटर वर, अर्धी भिंत आडवी म्हणजे पावणेदोन, मग हॉलच्या लांबीचे पाच, मागच्या स्पीकरपर्यंत खाली सव्वा, आणि दोन्ही टोकांना हाताशी राहायला एकेक मीटर. झाले की नाही साडेबारा? बारा मीटर धरलं तरी एकच्या वायरचा रोध होतो ०.४४ ओहम, म्हणजे बाद. दीडचीचा ०.३, म्हणजे जेमतेम काठावर. अडीचचीचा ०.१८, निवांत. पुढचे दोन आणि मधला स्पीकर टीव्हीच्या आजूबाजूलाच असल्याने त्यांना तीन-चार मीटर पुरतात, तिथे दीडची भरपूर झाली. म्हणजे तुमची यादी: मागच्यांसाठी अडीचची पंचवीस मीटर, पुढच्यांसाठी दीडची दहा मीटर. दोन प्रकार नको असतील तर सरसकट अडीचची पस्तीस मीटर घ्या. दुकानदाराच्या दराने हेच पस्तीस मीटर पावणेतेवीस हजारांना पडतात. साठ हजारांच्या संचाला तेवीस हजारांची केबल म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पाच टक्क्यांची मर्यादा अगदी काठावर गाठली तरी तोटा किती? अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी. रिसीव्हरबरोबर आलेला माइक सोफ्यावर ठेवून कॅलिब्रेशन केलंत की पातळीतली एवढी तफावत तो स्वतःच भरून काढतो.

ऑक्सिजन-फ्रीबद्दल. हे थोतांड नाही, असं तांबं खरंच असतं. नेहमीचं वायरचं तांबं ९९.९ टक्के शुद्ध, हे ९९.९५ ते ९९.९९. विद्युतवाहकतेत फरक पडतो सुमारे एक टक्का. तुमच्या बारा मीटरच्या केबलला एक टक्का म्हणजे केबल बारा सेंटिमीटरने आखूड करण्याइतका फायदा. रिसीव्हर वीतभर पुढे सरकवा, झालं काम. माझ्या टेबलावर उघडलेल्या स्पीकरमध्ये काय दिसतं तेही सांगतो. मागच्या टर्मिनलपासून क्रॉसओव्हरपर्यंत (जाड-बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट) बोटभर लांबीची साधी पातळ वायर, मग कॉइलमध्ये गुंडाळलेली कित्येक मीटर तांब्याची तार, आणि शेवटी कोनच्या मुळाशी व्हॉइस कॉइलमध्ये केसासारखी बारीक आणखी कित्येक मीटर तार. सहा ओहमच्या स्पीकरचा बहुतेक रोध या शेवटच्या तारेतच असतो. बाहेरचे बारा मीटर सोन्याचे केले तरी विजेला शेवटी आत याच तारेतून जायचंय.

दुकानदाराने कदाचित हेही सांगितलं असेल की डाव्या-उजव्या केबलची लांबी तंतोतंत सारखी हवी, नाहीतर आवाज मागेपुढे होतो. वीज केबलमधून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाच्या हिशोबात धावते आणि आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर. सोफ्यावर तुम्ही वीतभर सरकलात तर त्याने जेवढा फरक पडतो, तेवढा केबलने पाडायचा तर ती शंभराहून जास्त किलोमीटर लांब लागेल. उरलेली केबल टीव्ही युनिटमागे वेटोळं करून ठेवण्यापेक्षा कापून टाका.

आता खऱ्या फसवणुकीकडे. ती महागड्या केबलमध्ये कमी आणि स्वस्त केबलमध्ये जास्त आहे. बाजारात ‘स्पीकर वायर’ म्हणून जी पारदर्शक, एक बाजू तांबूस आणि एक बाजू चंदेरी अशी जाडजूड दिसणारी केबल मिळते, तिच्यात पुष्कळदा तांबं नसतंच. आत ॲल्युमिनियम असतं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, ज्याला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ-एकसष्ट टक्के, त्यामुळे अडीचची सीसीए म्हणजे कामाला जेमतेम दीड-पावणेदोनची. शिवाय ती ठिसूळ, दोन-चारदा वाकवली की टोकाशी तुटते. आणि जाड प्लास्टिक चढवून एकची वायर अडीचची म्हणून विकणं हा त्यापुढचा प्रकार.

तपकीर गल्लीत जाणार असाल, आणि या कामासाठी पुण्यात तिथेच जावं, तर सरळ मागा: ‘टू कोर, फुल कॉपर, अडीच स्क्वेअर.’ वीतभर तुकडा मागून घ्या, चांगला दुकानदार कुरकुरत का होईना देतो. प्लास्टिक सोला, एक तार वेगळी काढा, काउंटरवर आडवी धरा आणि ब्लेडच्या पात्याने खरवडा. खाली लालच निघालं तर तांबं. पांढरट चमक आली तर सीसीए. तार बाहेरून चंदेरी आणि खरवडल्यावर लाल निघाली तर काळजी नको, ते कल्हई केलेलं तांबं असतं, उत्तम.

याहून पक्की कसोटी वजनाची आहे, कारण ती दोन्ही लबाड्या एकदम पकडते. अडीचच्या दोन तारांच्या दहा मीटर केबलमध्ये नुसतं तांबं साडेचारशे ग्रॅमच्या घरात असतं, सीसीएमध्ये धातू पावणेदोनशेच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा मीटरचं वेटोळं ठेवा. प्लास्टिकसकट साडेचारशेच्या खाली भरलं, तर एकतर आत ॲल्युमिनियम आहे किंवा वायर अडीचची नाही. मल्टिमीटरने तपासायच्या भानगडीत पडू नका. साध्या मीटरच्या स्वतःच्या प्रोबांचाच रोध तुम्हाला मोजायच्या रोधाएवढा असतो.

इलेक्ट्रिशियनची घरगुती वायर इथे बाजी मारते. आयएसआय मार्कची, आयएस ६९४ प्रमाणे बनलेली तांब्याची वायर असेल तर तिचा रोध मानकाने बांधलेला आहे. आवाजाला ती उत्तम. दोन सुट्या वायरी एकमेकींना हलका पीळ देऊन ओढल्या की झालं.

पण धोका असा. लाल आणि काळी वायर भिंतीतल्या पाइपातून बाहेर आलेली दिसली की कुठलाही इलेक्ट्रिशियन ती लाइटची समजणार. पाच वर्षांनी तुम्ही किंवा तुमचा भाडेकरू तिथे प्लगपॉइंट वाढवायला कोणाला तरी बोलावणार, तो टेस्टर लावून बघणार, करंट नाही म्हटल्यावर ‘तुटलीय वाटतं’ म्हणून तिला फेज जोडणार. दुसऱ्या टोकाला तुमचा रिसीव्हर, किंवा उघड्या तारांशी खेळणारं मूल. त्यामुळे ती उरलेली वायर वापरायचीच तर दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक जंक्शन बॉक्समध्ये ‘स्पीकर’ असं लिहिलेलं लेबल हवं, आणि पाइप पूर्ण वेगळा. लाइटच्या पाइपातून स्पीकरची वायर न्यायची नाही, मग इलेक्ट्रिशियन कितीही ‘काही होत नाही’ म्हणो. मंडपवाल्यांसारखा स्पीकरच्या वायरीला पाच अँपिअरचा प्लग तर चुकूनही लावू देऊ नका. माझा स्वतःचा कल पारदर्शक किंवा पांढऱ्या चपट्या टू कोरकडे आहे. ती पाहून कोणी लाइटची समजत नाही.

पारदर्शक केबल दोन-तीन पावसाळ्यांत आतून हिरवी पडते, घाबरून जाऊ नका. टोकाचा इंचभर कापून नव्याने सोलली की पुरे.

जोडणी सोपी आहे, पण तिथे घाई नको. साधारण एक सेंटिमीटर सोला, तारांना घट्ट पीळ द्या, एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलकडे जाता कामा नये. तशी एक जरी टेकली तर रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, आणि लोक तो उचलून दुरुस्तीला आणतात. टोकांना डाग (सोल्डर) देऊ नका, स्क्रूखाली डाग हळूहळू दबतो आणि जोड सैल होतो. रिसीव्हरला बनाना प्लग लावा. छोट्या स्पीकरमागे स्प्रिंगची क्लिप असेल तर अडीचची त्यात शिरत नाही, तिथे पिनवाले लग दाबून घ्या. चार तारा छाटून कोंबण्यापेक्षा बरं. आणि प्लस-मायनस सगळीकडे सारखं. एक जरी स्पीकर उलटा लागला तर बेस पोकळ होतो, संवाद नेमके कुठून येताहेत ते कळेनासं होतं, आणि दोष केबलच्या माथी जातो.

सबवूफरला यातली कुठलीच केबल लागत नाही. तुमचा ॲक्टिव्ह असणार, म्हणजे त्याला स्वतःचा लाइटचा प्लग आणि रिसीव्हरपासून एक शील्ड असलेली आरसीए केबल. गुंगुं आवाज पकडणारी केबल असते ती ही. म्हणून लाइटच्या वायरींपासून लांब ठेवायची ती आधी हिला. स्पीकरच्या केबलला गुंगुंचा तसा त्रास नसतो.

सीलिंगवाल्याला आजच सांगा की मागच्या स्पीकरांसाठी एक इंची वेगळा पाइप टाकायचा आणि आत ओढदोरी तशीच सोडायची. पुढेमागे वर दोन स्पीकर वाढवून ५.१.२ करावंसं वाटलं तर तीच उपयोगी पडेल. मागचे स्पीकर सोफ्याच्या किंचित मागे, मधोमध बसलेल्या माणसाच्या समोरून ११० ते १२० अंशांवर आणि कानाच्या थोडे वर येतात. सोफा मागच्या भिंतीला चिकटणार असेल तर बाजूच्या भिंतींवर घ्या, पाइपाचं तोंड तिथेच काढा. पीओपीची शेवटची शीट चढण्याआधी दोन्ही केबल तात्पुरत्या स्पीकरला जोडा आणि रिसीव्हरच्या टोकाला साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस केबलच्या प्लसला लागताच वूफरचा कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर खूणगाठ उलटी बसलीय, आणि टकटकच आली नाही तर केबल वाटेत कुठल्यातरी खिळ्याखाली तुटलीय. शीट चढण्याआधी कळलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.